बुक क्लबसाठी सुसाट थ्रिलर सुचवा (आणि संपल्यावर बोलायचं काय तेही सांगा)

कांदेपोहे_रविवारी
नमस्कार मंडळी. मुलुंडला आमच्या सोसायटीत पुस्तकांचा एक ग्रुप आहे. महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा वाजता, आळीपाळीने एकेकाच्या घरी. बाराजण आहोत, सगळ्यात लहान २६ ची आणि सगळ्यात मोठे तळमजल्यावरचे काका, वय ७२, बँकेतून रिटायर झालेत, पुस्तक आणि पोहे या दोन्ही विषयांवर त्यांचं मत तयार असतं.

तर झालं काय की गेल्या महिन्यात कोणीतरी म्हणालं मुंबईवरचं आहे, वेबसिरीजपण आलेली, धावत असणार, म्हणून 'सेक्रेड गेम्स' घेतलं. नऊशेच्या आसपास पानं! पूर्ण वाचून दोघंच आले. तिघांनी सिरीज बघितली होती आणि ते न सांगता बिनधास्त बोलत होते, पुस्तकात नसलेले सीन सांगायला लागले तेव्हा पकडले गेले. बाकीचे पोहे खायला आले होते.

म्हणून आता ठरलंय की पुढचं पुस्तक म्हणजे हातात घेतलं की खाली ठेववत नाही असं थ्रिलर. अटी अशा: ३०० पानांच्या आत. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मिळायला हवं, कारण चौघं फक्त मराठी वाचतात आणि दोन मुली अशा आहेत की मराठी बोलतात झकास पण वाचताना पान पलटायला दहा मिनिटं लागतात. आणि फार रक्तबिक्त नको, सकाळची वेळ असते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. थ्रिलर वाचून झाल्यावर चर्चा काय करायची? "खुनी तो निघाला." "हो ना." "चहा टाकू?" असं होईल अशी भीती वाटतेय. कोणाला अनुभव?

विरार_फास्ट
थ्रिलर फास्ट पाहिजे की सेमी फास्ट ते आधी सांगा. सेमी फास्ट म्हणजे बोरिवलीपर्यंत उडत जातं आणि मग प्रत्येक स्टेशनवर नायकाचं बालपण.

खडूसकाकू
स्पष्ट बोलते, राग मानू नका. थ्रिलर आणि बुक क्लब यांचं जमत नाही. थ्रिलर एकट्याने वाचायची गोष्ट आहे, रात्री दिवा लावून, सकाळी डोळे लाल. ते वाचून बाराजणांनी गोल करून बसणं म्हणजे भेळ खाल्ल्यावर भेळेवर परिसंवाद. आमच्या ग्रुपने करून बघितलं, 'गॉन गर्ल' घेतलं होतं, नवरा-बायकोवरचं थ्रिलर. चर्चा पंचवीस मिनिटांत संपली आणि नंतर दोन तास सगळ्यांनी आपापल्या नवऱ्यांबद्दल सांगितलं. मजा आली, नाही असं नाही, पण पुस्तक राहिलं बाजूला.

अर्धवट
खडूसकाकू, ती दोन तासांची चर्चा पुस्तकावरचीच होती हो :)

झुंझारराव
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बाबूराव अर्नाळकर घ्या आणि मोकळे व्हा. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. धनंजय आणि छोटू, काळा पहाड, झुंझार हे त्याचे नायक (माझं इथलं नाव कुठून आलं ते समजलं असेल). पुस्तक छोटं, एका बैठकीत संपायचं. आम्ही गिरगावात राहायचो, चाळीत एक पुस्तक यायचं आणि ते अकरा खोल्या फिरून परत जायचं, तेव्हा त्याचं कव्हर गेलेलं असायचं आणि एखाद्या पानावर आमटीचा डाग. वडील म्हणायचे असलं वाचून पोरं बिघडतात, आणि स्वतः अंथरुणावर पांघरुणात धरून वाचायचे. त्यावर चर्चा आम्ही कठड्याला टेकून करायचो, पोहे नव्हते की अजेंडा नव्हता. एकजण म्हणायचा झुंझार चोर आहे तो नायक कसा, दुसरा म्हणायचा सावकाराला लुटलं त्यात काय चुकलं, आणि त्यावरून एकदा दोघांची आठ दिवस बोलचाल बंद होती. म्हणजे बोलण्यासारखं असतं, फक्त ते खून कोणी केला याच्यात नसतं.

विरार_फास्ट
अर्नाळा आमच्याकडे येतं बरं का. श्रेय विरारला.

चकली
झुंझारराव, मान्य आहे पण आज नवीन वाचणाऱ्याला ती भाषा थोडी नाटकी वाटते. मी सासऱ्यांच्या कपाटातल्या तीन वाचल्या. वेग मात्र खरंच आहे, पहिल्याच पानावर दार वाजतं. माझ्या पिढीचं म्हणाल तर सुहास शिरवळकर. लोक आता 'दुनियादारी'मुळे ओळखतात पण आम्ही कॉलेजात फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद या त्यांच्या नायकांसाठी लायब्ररीत नंबर लावायचो. दारा बुलंद वाचताना माझं रुईयाला उतरायचं राहून गाडी कुठे गेली होती ते आईला अजून सांगितलेलं नाही.

अर्धवट
रुईयाला गाडी थांबते? माटुंगा म्हणा की.

चकली
शिक्षक आहात का?

पेन्सिलवाला
स्पॉयलर हा विषय निघालाच आहे तर माझा किस्सा. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या लायब्ररीतून एक रहस्यकादंबरी आणली. पान ४० वर डॉक्टरचं नाव पहिल्यांदा येतं तिथे कोणीतरी पेन्सिलने गोल करून बाण काढून लिहिलेलं, 'हाच खुनी'. इतका संताप आला, पुस्तक मिटून ठेवलं. दोन दिवसांनी परत उघडलं, म्हटलं माहीतच आहे तर निदान लेखक लपवतो कसा ते बघू. आता मी प्रत्येक वाक्य संशयाने वाचतोय, डॉक्टर चहा ढवळतो तरी मला वाटतंय हं, ढवळतोय बघा. आणि शेवटी डॉक्टर निघालाच नाही!! त्या आधीच्या वाचकाने अंदाज लिहिला होता आणि तो चुकला होता. पुढे पान १८० वर त्याच अक्षरात अगदी बारीक लिहिलेलं, 'सॉरी'.

माझं आजवरचं सगळ्यात भारी वाचन ते. आणि त्या माणसाशी मला अजून गप्पा मारायच्या आहेत.

खडूसकाकू
पेन्सिलवाला, हा किस्सा मात्र पुस्तकापेक्षा चांगला.

डबलबेल
मूळ प्रश्नावर येतो. माझ्या मते क्लबसाठी असं थ्रिलर घ्या ज्याचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत आहे. वेड्यासारखं वाटेल पण ऐका. फ्रेडरिक फोरसाइथचं 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ मध्ये आलं. फ्रान्सच्या अध्यक्षांना, द गॉलला मारायची सुपारी एका माणसाला दिलेली असते आणि त्याचं खरं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. आता द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी, नैसर्गिक मृत्यूने वारला हे पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे सुपारी फसणार हे पहिल्या पानाआधीच कळलेलं. तरी माणूस श्वास रोखून वाचतो! का? कारण प्रश्न 'काय होणार' हा नाहीच, 'इतकं सगळं नीट जमवलेलं फसणार कुठे' हा आहे. आणि सुरुवात खऱ्या घटनेने होते, २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला द गॉलच्या गाडीवर खरोखरच गोळीबार झाला होता, तो वाचला, आणि कट करणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या मार्चमध्ये गोळ्या घालून देहदंड दिला. फोरसाइथ त्या काळात पॅरिसमध्ये पत्रकार होता. नंतर खिशात पैसे नव्हते तेव्हा हे पुस्तक त्याने ३५ दिवसांत लिहून काढलं.

माझ्या डोक्यात सगळ्यात बसलेला भाग म्हणजे पासपोर्ट. लहानपणीच वारलेल्या एका मुलाची कबर शोधायची, त्याच्या नावाचा जन्मदाखला काढायचा आणि त्यावर पासपोर्ट. बंदूक बनवून घेणं, मग ती बॉर्डरवरून न्यायची कशी, सगळं असं सांगितलंय की जणू मिस्त्री किचनचा ओटा कसा बसवणार ते समजावतोय. चर्चेला भरपूर मिळेल. आपण त्या खुन्याच्या बाजूने कधी झालो, हाच प्रश्न दोन तास पुरेल. मी झालो होतो. त्याची गाडी बिघडली तेव्हा मी हळहळलो.

खडूसकाकू
हे पटलं थोडं. पण मग ते ३०० पानांत बसतं का?

डबलबेल
नाही बसत. प्रतीवर अवलंबून आहे पण वर जातं. धावतं मात्र.

विरार_फास्ट
"सेक्रेड गेम्स पण धावेल" असंच म्हणाले होते.

चकली
भाषांतराबद्दल एक सावधगिरीची सूचना. इंग्रजी थ्रिलर मराठीत घेताना आधी दोन पानं उभ्याने वाचून बघा. काही भाषांतरं सुरेख आहेत, रवींद्र गुर्जरांचं 'पॅपिलॉन' आमच्या घरी तिघांनी वाचून वाचून खिळखिळं केलंय. पण मी एक असं आणलं होतं, नाव सांगत नाही, त्यात डिटेक्टिव्ह आपल्या मित्राला म्हणतो, "तू माझा पाय ओढतो आहेस काय?" आणि खोलीत दोघंच, दोघंही खुर्चीत बसलेले. मी अर्धं प्रकरण त्या पायाचाच विचार करत होते. वेग तिथेच मेला.

अर्धवट
आमच्याकडे एकात होतं "त्याने बादलीला लाथ मारली". मी म्हटलं एवढा रागावला का, पुढच्या ओळीत अंत्यविधी.

मी_नाही_त्यातली
मला जरा वेगळं बोलायचंय, मूड घालवते वाटलं तर घालवते. थ्रिलर म्हटलं की पहिल्या पानावर एक सुंदर तरुण बाई मरून पडलेली. तिला नाव असतं, केसांचा रंग असतो, बाकी काही नसतं. मग तीनशे पानं एक दारुडा इन्स्पेक्टर स्वतःच्या घटस्फोटाचा विचार करत फिरतो. मी लागोपाठ चार अशी वाचली आणि ठरवलं की आता बास. ग्रुपमध्ये २६ वर्षांची मुलगी आहे म्हणताय, तिला विचारा, रात्री साडेअकराला लेडीज डब्यात एकटी असताना हे वाचायला कसं वाटतं.

याला उतारा म्हणून एक सुचवते. कीगो हिगाशिनो हा जपानी लेखक, 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. यात खून सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत होतो. एक बाई, तिची मुलगी, त्रास द्यायला आलेला आधीचा नवरा, आणि मरतो तो. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर सगळं ऐकतो आणि झाकायला पुढे होतो. कोणी केलं ते आपल्याला माहीत, का केलं ते माहीत, तरी शेवटी असा झटका बसतो की मी पुस्तक उलटं करून परत पहिल्यापासून चाळलं. आणि वाद घालायला भरपूर, त्या मास्तरने केलं त्याला प्रेम म्हणायचं की हिशेब? हिंदीत 'जाने जां' नावाचा सिनेमा आला २०२३ मध्ये तो यावरूनच, पण आधी पुस्तक वाचा.

झुंझारराव
ताई तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे. आमच्या काळच्या पुस्तकांच्या कव्हरवरसुद्धा तेच असायचं, म्हणून तर वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचो. हॅडली चेसच्या इंग्रजी थ्रिलरना तर दोन कव्हरं. आतल्या मजकुरात मात्र कव्हरवरच्या बाईचा पत्ता नसायचा, फसवणूक झाल्यासारखं वाटायचं.

डबलबेल
सस्पेक्ट एक्सला माझं मत. मराठीत मी तरी पाहिलेलं नाही, चार मराठीवाल्यांचं काय?

शिवाजीपार्क_कट्टा
मुंबईतच घडणारं हवं असेल तर इन्स्पेक्टर घोटे आठवतोय का कोणाला? एच. आर. एफ. कीटिंग नावाचा इंग्रज लेखक. पहिलं पुस्तक 'द परफेक्ट मर्डर' १९६४ चं, त्याला तिकडे गोल्ड डॅगर बक्षीसही मिळालं. आणि गंमत म्हणजे या गृहस्थाने तोवर भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं! नकाशे, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांच्यावर मुंबई उभी केली आणि दहाएक वर्षं तसाच लिहीत राहिला, मग कुठे पहिल्यांदा विमानातून इथे उतरला. १९८८ मध्ये सिनेमा आला, नसीरुद्दीन शाह घोटे झाला होता.

मी वाचलंय. पाऊस पडतो, घाम येतो, साहेब ओरडतो, घोटे बिचारा सगळ्यांकडून बोलणी खातो आणि तरी शेवटी काम करतो. न बघता लिहिलंय म्हणून काही ठिकाणी हसू येतं, पण आपल्या ऑफिसात वरचा साहेब आणि खालचा शिपाई यांच्यामध्ये चेपला गेलेला माणूस त्याला लंडनात बसून कसा कळला याचं नवल वाटतं.

अर्धवट
घोटे म्हणजे पायाचे का?

शिवाजीपार्क_कट्टा
तेच. आमच्या कट्ट्यावर यावर एक अख्खी संध्याकाळ गेलीय. एकजण म्हणाला विदर्भात आहेत घोटे, दुसरा म्हणाला गोटे असेल, इंग्रजाला ऐकू नीट आलं नाही. ज्याने ऐकलंच नव्हतं त्याला नीट कसं ऐकू येणार.

विरार_फास्ट
चेससुद्धा तसाच ना? इंग्लंडचा माणूस, गोष्टी सगळ्या अमेरिकेतल्या, नकाशा आणि तिकडच्या बोलीची डिक्शनरी समोर ठेवून लिहायचा. थोडक्यात, धावणारं पुस्तक लिहायचं असेल तर त्या गावाला जायचं नाही. गेलो की ट्रॅफिक.

चकली
मुंबईवरच चाललंय तर सुजाता मॅसीचं 'मर्डर ऑन मलबार हिल' पण बघा. १९२१ ची मुंबई, पर्वीन मिस्त्री नावाची पारशी बाई वकील, तीन पडदानशीन विधवांच्या इस्टेटीचं प्रकरण. आपल्याकडच्या सुरुवातीच्या बाई वकील कॉर्नेलिया सोराबजींवरून सुचलेलं पात्र. मला आवडलं खूप पण सुसाट म्हणाल तर नाही हो, ट्राम आहे ती. आणि अटीतल्या पानांपेक्षा मोठं.

खडूसकाकू
इथे आतापर्यंत एकही पुस्तक बाईंच्या तीन अटींत बसलेलं नाही हे कोणाच्या लक्षात आलंय का?

कांदेपोहे_रविवारी
माझ्या आलंय काकू :( सगळं वाचतेय, ऑफिसातून लिहिता येत नाही. डबलबेल यांचा मुद्दा आवडला पण आमच्यात माहीत असलेला शेवट असं काही राहणारच नाही, काही लोक पहिल्याच दिवशी संपवतील आणि लिफ्टमध्ये बोलतील. तळमजल्यावरचे काका तर मागून पुढे वाचतात. खरंच. म्हणतात, "आधी शेवट बघतो, मग वेळ घालवायचा का ते ठरवतो." बँकेत लोनचे कागद असेच वाचायचे म्हणे.

नर्मदा_साठीनंतर
बाळा यावर उपाय आहे, आम्ही केलेला आहे. आमचा नऊ बायकांचा ग्रुप, पार्ल्याला. पुस्तक सगळ्यांनी एकाच जागेपर्यंत वाचायचं, शेवटची दोन-तीन प्रकरणं ठेवायची. मग भेटायचं. प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहायचं, पुढे काय होणार आणि मुख्य म्हणजे असं का वाटतं. चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मोठ्याने एकेक वाचायची, कोणाची ते सांगायचं नाही. तेव्हा जी चर्चा होते ना, तशी पुस्तक संपल्यावर कधीच होत नाही, कारण अजून कोणीच बरोबर नसतं आणि कोणीच चूक नसतं. आमच्यातल्या एकीने नोकराणीवर संशय घेतला तर दुसरी म्हणाली तुझ्या घरी चमचा हरवला तरी तू तेच करतेस. पुस्तकापेक्षा आम्ही एकमेकींना जास्त ओळखायला लागलो, ते चांगलं की वाईट माहीत नाही. मग चहा झाला की एकीने उरलेलं मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

विरार_फास्ट
नर्मदाकाकू, थ्रिलर वाचणाऱ्याला शेवटच्या तीन प्रकरणांआधी थांब म्हणणं म्हणजे साबुदाणा वड्याचं ताट समोर ठेवून एकच खा म्हणण्यासारखं आहे. कोण थांबणार?

नर्मदा_साठीनंतर
कोणी थांबत नाही म्हणूनच तर सुईदोरा. शेवटच्या पानांभोवती खाकी कागदाची पट्टी गुंडाळायची आणि पट्टीची दोन टोकं एकमेकांना शिवून टाकायची. पुस्तकाला भोक पाडायचं नाही, लायब्ररीचं असलं तरी चालतं. भेटीच्या दिवशी सगळ्यांनी आपली पट्टी दाखवायची. हातशिलाई करा, स्टेपल नको, स्टेपलची पिन काढून परत मारता येते.

पेन्सिलवाला
वा! माझ्या त्या पान ४० वाल्या माणसाला हा ग्रुप मिळायला हवा होता.

खडूसकाकू
माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पण ही शिवणकामाची आयडिया आमच्याकडे करून बघणार.

कुर्ल्याचा_मामेभाऊ
धागा वाचत वाचत आलो, सगळे परदेश फिरून आले पण जयंत नारळीकरांकडे कोणी गेलं नाही? 'वामन परत न आला' वाचा. विज्ञानकथा म्हणून लोक बाजूला ठेवतात, पण आहे तो थ्रिलरच. जमिनीखाली खोदकामात एक पेटी सापडते, आपल्याहून पुढे गेलेल्या कुठल्यातरी जुन्या संस्कृतीने ठेवलेली, आत त्यांचं ज्ञान. ते वापरून आपले लोक एक यंत्रमानव बनवतात, तोच वामन. मग हे सगळं पळवायला टपलेले लोक आहेत, आणि इतकं ज्ञान असलेले ते पूर्वज नाहीसे का झाले हा प्रश्न मागे उभा आहेच. छोटं आहे. रक्त नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंग्रजीतही आहे, 'द रिटर्न ऑफ वामन', म्हणजे पाय ओढण्याची भानगड नाही.

नारळीकर स्वतःच एक रहस्यकथा होते तसे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, तेव्हा ते कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत. आपल्या नावामुळे बक्षीस मिळालं असं व्हायला नको म्हणून आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' कथा पाठवली, अक्षर ओळखू येईल म्हणून लिहूनही दुसऱ्याकडून घेतली. पहिलं बक्षीस! विज्ञान परिषदेची इमारत आमच्या चुनाभट्टीला, रोज समोरून जातो म्हणून आठवलं.

मी_नाही_त्यातली
हे छान सुचवलंत. पहिल्या पानावर बाई मरत नाही हे आधीच आवडलं.

अर्धवट
एक मिनिट. मराठी नाव 'वामन परत न आला'. इंग्रजी नाव 'रिटर्न ऑफ वामन'. मग आला की नाही???

चकली
हाहाहा. मराठीवाल्यांना नावातच स्पॉयलर आणि इंग्रजीवाल्यांना उलटा स्पॉयलर!

डबलबेल
अरे हे तर जॅकलच्या वरताण झालं. निम्म्या लोकांना वाटतं शेवट माहीत आहे, निम्म्यांना वाटतं वेगळाच माहीत आहे. काही बोलू नका आता यावर कोणी. वाचलंय त्यांनी गप्प बसा.

झुंझारराव
मी वाचलंय. गप्प बसलो.

कांदेपोहे_रविवारी
ठरलं!! आज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि पहिल्यांदाच कोणी "दुसरं काही नाही का" म्हणालं नाही. मराठी प्रती दादरला मिळाल्या. इंग्रजी शोधायला मात्र घाम फुटला, नवीन कुठे दिसेना, शेवटी एक जुनी प्रत मिळाली तीच दोघी आलटून पालटून वाचणार. सगळ्यांची पुस्तकं गोळा करून काल रात्री बसून पट्ट्या शिवल्या. नवरा म्हणाला पडदे फाटलेत ते कधी शिवणार.

नर्मदा_साठीनंतर
शाब्बास. गाठ आतल्या बाजूला मार.

विरार_फास्ट
रिपोर्ट पाहिजे.

कांदेपोहे_रविवारी
रिपोर्ट. उशीर झाला, सॉरी, मध्ये गणपती होते.

बारापैकी अकराजण वाचून आले, जो एक आला नाही तो गावाला गेला होता. असं आमच्याकडे कधीच झालेलं नाही. दोघींनी तर सांगितलं की ठाणे ते सीएसएमटी जाताना एका दिवसात शिवलेल्या जागेपर्यंत पोचलो आणि मग पंधरा दिवस नुसतं त्या पट्टीकडे बघत होतो.

चिठ्ठ्यांमध्ये सहाजणांनी यंत्र जिंकणार असं लिहिलं, चौघांनी माणसं, आणि एकाने फक्त 'पेटी होती तिथे परत पुरा'. इंग्रजीवाल्या दोघी ठाम होत्या की नावातच लिहिलंय, परत येणार. मराठीवाले म्हणत होते आमच्या नावात लिहिलंय, नाही येणार. मोठ्या आवाजात. वरच्या मजल्यावरून विचारायला आले की सोसायटीचं काही आहे का. मग गाडी स्वतःहून शिकत जाणाऱ्या यंत्रांवर गेली, एकीचा मुलगा शाळेचे निबंध फोनकडून लिहून घेतो ते निघालं, आणि जे करता येतं ते सगळं करायलाच हवं का यावर काका आणि २६ वर्षांची मुलगी एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला! पोहे गार झाले. दीडला उठलो.

शेवट मी वाचला मोठ्याने. तो इथे सांगत नाही.

वाचायच्या आधी नर्मदाकाकूंनी सांगितल्याप्रमाणे पट्ट्यांची तपासणी केली. सगळ्यांच्या धड होत्या. काकांनी तर आपलं पुस्तक सगळ्यात आधी पुढे केलं, म्हणाले "बघून घे, शेवट न बघता आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक वाचलंय." टाके बारीक, एकसारखे, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. गाठही आतल्या बाजूला.

फक्त दोरा निळा होता. माझा पांढरा होता.